मोटरसायकल रेल्वेने सोलापूरला आणून थंडीभर न चालवता ठेवणार असशील तर

रेल्वेने पाठवताना टाकी पूर्ण रिकामी लागते. आरसे काढून घे. पार्सल ऑफिसजवळ गोणपाट शिवून देणारे भेटतात, पण टाकीवर आधी फोम तूच गुंडाळ. आरसी आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेव.

सोलापुरात उतरवली की मात्र नेमकं उलटं, टाकी काठोकाठ भर. अर्धी ठेवलीस तर पहाटेच्या गारव्याने आत पाणी धरतं आणि पत्रा गंजतो. गाडी कार्ब्युरेटरची असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद कर, फ्लोट बाऊलचा (कार्ब्युरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी) खालचा स्क्रू ढिला कर आणि उरलेलं पेट्रोल बाटलीत उतरव. हे चुकवू नकोस. ते आटलं की जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, चिकट थर बसतो, आणि संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, जायला काढशील तेव्हा गाडी किकला दाद देणार नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडव, मेन स्टँडवर लाव. वरून प्लॅस्टिकचा कागद नको, ओल कोंडते. जुनी सोलापुरी चादर उत्तम, फक्त गाडी आधी धुऊन वाळव. इथली धूळ चादरीखाली रंगावर घासली जाते. आणि मधेमधे दोन मिनिटं चालू करून बंद करायला घरच्यांना सांगू नकोस. त्याने बॅटरी उतरते, सायलेन्सरमध्ये पाणी साठतं.