असली पुस्तकं वाचून पोरगी तशी होईल का?

आर्वी-पुलगावच्या पट्ट्यात समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न आता वारंवार कानावर येतो. पालक आत येतात, दार नीट लागलंय ना ते पाहतात आणि आवाज खाली घेऊन विचारतात. कधी मुलाच्या बॅगेत कादंबरी सापडलेली असते, कधी मोबाईलवर एखादी मालिका-कथा. दोन मुलींच्या प्रेमाची, दोन पुरुषांच्या संसाराची, नाहीतर ट्रान्स म्हणजे पारलिंगी पात्राची. प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एक अनुभव लिहून ठेवते. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

वडील कोरडवाहू शेतकरी, कापूस आणि तूर. मुलगी एकोणीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिला बाहेर बसवून ते आधी एकटेच आत आले.

"म्याडम, पोरगी बारा-बारा वाजेलोक मोबाईलात वाचत रायते. म्या पाह्यलं. बाई न् बाईचं. असं वाचून वाचून तशी होईन न थे?"

"झाली असं धरून चालू. मग सगळ्यात जास्त भीती कशाची?"

"लोकाईची. दुसरं काय?"

एका दमात आलेलं उत्तर. माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची आहे. माणसाला घटनेपेक्षा घटनेबद्दलचं त्याचं म्हणणंच जास्त छळतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून मी पुराव्यापाशी थांबते. यांना विचारलं, सप्ताहात महाभारत ऐकता ना? अर्जुन वर्षभर बृहन्नडा होऊन विराटाच्या घरी उत्तरेला नाच शिकवतो, तो भाग सगळं गाव मांडी घालून ऐकतं. शिखंडीची कथाही ऐकतं. त्यानं गावात कोण बदललं?

"ते देवाचं हाय जी," म्हणाले. पुराणातला दाखला लोक पुराणातच ठेवतात, हे मला नवं नाही.

मग त्यांनी मुख्य काम सांगितलं. "तुमी तिले इचारून घ्या, थे तशी हाय का. मले सांगजा."

मी नाही म्हटलं. विचारणार नाही, आणि तिनं आपणहून सांगितलं तरी तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला सांगणार नाही. ते उठायलाच निघाले होते. पण बस सुटायला वेळ होता, म्हणून बसले.

मुलीशी मी फक्त पुस्तकांबद्दल बोलले. कॉलेजच्या ग्रंथालयात तिला विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' मिळालं होतं. १९८१ साली रंगमंचावर आलेलं, एका मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीचं नाटक. मराठी रंगभूमीसाठी ते धाडसच होतं. तिनं ते एका बैठकीत वाचलं, दोन दिवस जेवली नाही, आणि मग मोबाईलवर दुसरं शोधायला लागली. भुताच्या गोष्टी, राजा-राणीच्या, परग्रहावरच्या, पोलीस तपासाच्या. पात्रं तशीच, पण गोष्ट दरवेळी निराळी.

पुढच्या भेटींपैकी एकीत दोघांना समोरासमोर बसवलं. मुलीला म्हटलं, सध्या जी वाचतेस ती बाबांना सांग.

ती मान खाली घालून सांगू लागली. एक इन्स्पेक्टर बाई आहे. गावातल्या सावकाराचा मुडदा विहिरीत सापडलाय. बाई दिवसभर तपास करते आणि रात्री घरी येते. घरी तिची जोडीदार आहे, तीही बाईच. भाजी खारट झाली म्हणून दोघींचं वाजतं. सकाळी पुन्हा तपास. विहिरीवरचा दोर कापलेला निघतो...

"मंग खून कोनं केला?" वडिलांनी विचारलं.

मुलीनं पहिल्यांदा वर पाहिलं. "अजून समजलं नाही बाबा. पुढचा भाग यायचा आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "त्या नाटकातली मित्रा शेवटी जीव देते. हिच्यात ती मरत नाही."

वडील टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. बराच वेळ. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला आता जमतं, आणि त्याचा मला थोडा अभिमानही आहे.

"मंग जिथं मरत नाही, तेच वाचत जाय," ते म्हणाले.

पालक विचारतात, वाचून तशी होईल का. खरं तर विचारायला हवं की मुलाला कोणत्या प्रकारच्या गोष्टी मिळतात. अशी पात्रं फक्त शोकांतिकेत भेटली, किंवा सिनेमात हसं करायला आणली गेली, तर मूल शिकतं की अशा माणसाचा शेवट एकच. रहस्यकथेत तेच पात्र खुनी शोधतं, भयकथेत भुताला घाबरतं, विज्ञानकथेत यान चालवतं. त्याचं प्रेम हा गोष्टीतला एक भाग असतो, गोष्टीचा गुन्हा नसतो. म्हणून मी मुलांना गंभीर कादंबरीसोबत हलकंफुलकंही वाचायला सांगते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' जरूर वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका.

वाचनानं लैंगिक कल, म्हणजे कुणाबद्दल ओढ वाटते ते, बदलतो याला पुरावा नाही. आयुष्यभर नवरा-बायकोच्याच गोष्टी ऐकूनही समलिंगी माणसं प्रत्येक पिढीत होतीच. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले असे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. "बदलून देतो" म्हणणाऱ्याकडे पोरांना नेऊ नका. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी असे उपचार गैरवर्तन ठरवले आहेत. बाबा-बुवांचं तर बोलायलाच नको.

वयाला न शोभणारं वर्णन असेल तर हरकत घ्या, पण ती हरकत बाई-पुरुषाच्या गोष्टीलाही तेवढीच हवी. पुस्तक हिसकावू नका. "तू तशी आहेस का?" असं विचारू नका. वाचणारं मूल कधी स्वतःला शोधतं, कधी मैत्रिणीला समजून घेतं, कधी नुसतं खुनी कोण ते पाहतं. यातलं काय, ते सांगायचं की नाही हे त्याचं त्यानं ठरवावं. "गोष्टीत पुढं काय झालं?" हा प्रश्न मात्र कधीही चालतो.

काळजी करायची ती दुसऱ्या खुणांची. झोप उडणं, जेवण सुटणं, कॉलेज टाळणं, मरणाच्या गोष्टी बोलणं. असं दिसलं तर आमच्यासारख्यांची वाट पाहत बसू नका. मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि तिथं मराठीत बोलता येतं.