प्रार्थना रुग्णासाठी करावी, की रुग्णासोबत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपण ख्रिस्ती कुटुंबातल्या आहात, नागपुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि रुग्णसेवा हे प्रभूने दिलेले पाचारण आहे असे मानता, तर ड्यूटीवर असताना रुग्णाजवळ प्रार्थना करणे योग्य आहे का, त्यामुळे नोकरीवर गंडांतर येईल का, आणि गळ्यातला क्रूस दिसू द्यावा का. मी एकवीस वर्षांपासून याच शहरात भूलतज्ज्ञ म्हणून काम करतो आणि दर रविवारी मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेला जातो, म्हणून उत्तर देण्याचे धाडस करतो.

रुग्णासाठी प्रार्थना हवी तेवढी करावी. रुग्णासोबत मात्र त्याने स्वतः मागितल्याशिवाय करू नये, आणि ‘मी प्रार्थना करू का?’ असे आपण होऊन विचारूही नये. दुसरा भाग आपल्याला कडक वाटेल. मलाही तो पूर्वी पटला नसता.

व्यवसायाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट आहे. एका खासगी रुग्णालयात काटोलकडच्या एका बाईंची गर्भाशयाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि आदल्या संध्याकाळी मी त्यांना तपासायला गेलो होतो. नाडी जलद होती, तळहात गार पडले होते, आणि ‘पाठीत सुई दिल्यावर पाय परत हलतील ना’ हे त्यांनी तीनदा विचारले. मी म्हणालो, “तुमच्यासाठी प्रार्थना करू का?” त्या म्हणाल्या, “करा ना, डॉक्टरसाहेब.” मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून, येशूच्या नावाने, मोठ्याने प्रार्थना केली आणि समाधानाने घरी गेलो. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाने मला जिन्यात गाठले आणि आवाज खाली आणून विचारले, “साहेब, आई विचारून राहिली, त्या प्रार्थनेपायी आमाले ख्रिस्ती बनावं तं नाही लागत ना?” बिल भरायच्या आधी त्याला हे विचारून घ्यायचे होते. त्या बाईंनी ते तीन दिवस टाक्यांच्या दुखण्याबरोबर ही काळजीही सोसली होती, आणि ती मी दिली होती.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून चालतो. जो माणूस उपाशीपोटी, अंगावर रुग्णालयाचा झगा आणि हाताला सलाईन अशा अवस्थेत आपल्यासमोर पडलेला आहे, आणि ज्याचा श्वास उद्या सकाळी आपल्या हाती असणार आहे, त्याचा ‘हो’ हा मोकळा ‘हो’ नसतो. संमतिपत्रावर सही घेताना आपण धोके समजावून सांगतो, साक्षीदार ठेवतो, नातेवाइकांना बोलावतो, कारण या अवस्थेत माणूस समोरच्याला दुखवायला धजत नाही हे आपल्याला माहीत असते. मग प्रार्थनेच्या बाबतीत तेच आपण कसे विसरतो? आणि धर्मांतराच्या चर्चेने आधीच तापलेल्या वातावरणात घरच्यांच्या मनात काय येईल, हे वेगळे सांगायला नको.

नियमांचेही भान असू द्यावे. १९४८ च्या जिनिव्हा घोषणेपासून डॉक्टरच्या शपथेत हे आहे की धर्म, राष्ट्रीयत्व, वंश किंवा सामाजिक दर्जा यांचा विचार माझे कर्तव्य आणि माझा रुग्ण यांच्यामध्ये येऊ देणार नाही. आपल्याकडच्या २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत तर स्पष्ट म्हटले आहे की वैद्यकीय कारण असेल तेव्हा संततिनियमन, नसबंदी, सुंता किंवा गर्भपात यांत साहाय्य करायला डॉक्टरने केवळ धार्मिक कारणावरून नकार देऊ नये. ही संहिता डॉक्टरांसाठी आहे आणि आपल्याला नर्सिंग कौन्सिलचे नियम लागू होतील, तरी धोरण त्याच दिशेचे असते. नोकरीवर गंडांतर येते ते बहुधा मनातल्या प्रार्थनेमुळे नव्हे, तर कोणाला तरी दडपण वाटल्याच्या तक्रारीमुळे.

‘प्रार्थनेने रुग्ण बरे होतात हे विज्ञानानेही मान्य केले आहे’ असे आपण लिहिले आहे. ते तसे नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तरी असे अर्धे सत्य पुढे ढकलू नये. १९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात मध्यस्थीच्या, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेल्या, प्रार्थनेचा काहीसा लाभ दिसला; मंडळीत अजूनही त्याचाच दाखला दिला जातो. पण अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा याहून खूप मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली आणि ज्यांच्यासाठी झाली नाही, पण ज्यांना यातले काहीच निश्चित ठाऊक नव्हते, त्यांच्यात गुंतागुंतीचे प्रमाण ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच होते. आणि आपल्यासाठी नक्की प्रार्थना होत आहे हे ज्यांना सांगितले होते त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले. ‘आपली अवस्था इतकी वाईट आहे का?’ या धास्तीने तसे झाले असावे, असा एक तर्क पुढे आला. मला त्या बाईंचे गार हात आठवतात. माझ्या विश्वासाला या आकड्यांनी धक्का बसला नाही, कारण प्रार्थना म्हणजे मिलिग्रॅममध्ये मोजून द्यायचे औषध आहे असे मी कधी मानलेच नव्हते.

आपण न विचारलेल्या एका गोष्टीबद्दल बोलणे मला आवश्यक वाटते, ती म्हणजे चंगाई सभा, प्रार्थनेने आजार बरे होतात असे सांगणाऱ्या सभा. सभेतून घरी आल्यावर इन्सुलिन बंद केलेले रुग्ण आपल्याला आपत्कालीन विभागात भेटतील. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन थांबले की काही दिवसांत, कधी त्याआधीच, रक्तात आम्ल साचून रुग्ण बेशुद्धीच्या उंबरठ्यावर येतो. अशा वेळी ख्रिस्ती परिचारिकेच्या शब्दाला जे वजन असते ते माझ्या हिंदू सहकाऱ्यांच्या शब्दाला नसते, आणि ते वापरायला आपण संकोचू नये. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून तेल लावून प्रार्थना करून घ्यावी असे आहे, हे खरे. पण पौलाने तीमथ्याला पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितले आणि लूकचा उल्लेख प्रिय वैद्य असा केला, हेही त्याच नव्या करारात आहे. औषध सोडा असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

पूर्वीच्या मिशन रुग्णालयांत रोज सकाळी वॉर्डात प्रार्थना होत असे, मग आताच एवढी बंधने का, असेही आपण विचाराल. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी रुग्णालय सुरू केले, वेल्लोरला १९०० मध्ये डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेपासून सुरुवात केली, आपल्या सीताबर्डीत स्कॉटिश मिशनचे मुअर मेमोरियल उभे राहिले. तिथे पाय ठेवणाऱ्याला हे घर कोणाचे आहे ते आधीच ठाऊक असे. (तिथेही सगळे निर्दोष होते असे मी म्हणणार नाही.) मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयात येणारा माणूस प्रार्थनागृहात आलेला नसतो. आणि वेल्लोरसारख्या ठिकाणीसुद्धा या कामासाठी शिकलेले पाळक असतात; ते काम प्रत्येक सिस्टरने करावे अशी अपेक्षा तिथेही नसते.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. सकाळी ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, जाण्यापूर्वी, स्कूटर लावल्यावर, मी त्या दिवसाच्या यादीतले एकेक नाव घेऊन मनात प्रार्थना करतो. दोन मिनिटे लागतात. आत गेल्यावर करत नाही. ऑक्सिजनचा दाब, सक्शन, लॅरिंगोस्कोपचा दिवा तपासताना आणि सिरिंजमध्ये औषध भरून तिच्यावर लेबल चिकटवताना माझे लक्ष फक्त लेबलवर असते, कारण ओळीने ठेवलेल्या सारख्या दिसणाऱ्या सिरिंजांमध्ये भुलीचे औषध आणि स्नायू सैल करणारे औषध यांची अदलाबदल झाली तर ती भक्तीने भरून निघत नाही. संध्याकाळी, एखादा रुग्ण दगावला असेल तर, पुन्हा प्रार्थना करतो. ती बहुतेक वेळा तक्रारीची असते.

रुग्णाने मागितले तर? मागच्या पावसाळ्यात छिंदवाड्याहून आलेल्या एका आजोबांनी “तुम्ही आपल्यातलेच ना?” असे विचारून प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितली, आम्ही दोघांनी ती हळू आवाजात म्हटली, अर्धे मिनिटही लागले नाही. कोणी बौद्ध ताई टेबलावर त्रिशरण म्हणत असेल तर मास्क हातात धरून ते संपेपर्यंत थांबतो. “देवाचं नाव घेऊ का?” असे कोणी विचारले की “घ्या, मी थांबतो” म्हणतो. ताजबागेच्या दर्ग्यातून आणलेला दोरा मनगटावर असेल तर पूर्वी सिस्टर कात्रीने कापून टाकत. आता शस्त्रक्रियेच्या जागेपासून तो दूर असेल आणि सुईच्या आड येत नसेल, तर त्यावर चिकटपट्टी लावतो, आणि काढावाच लागला तर विचारून, गाठ सोडून, नातेवाइकांच्या हातात देतो.

राहिला गळ्यातला क्रूस. वॉर्डात गणवेशाच्या आत असेल तर कोणाची हरकत असण्याचे कारण नाही, तरीही आपल्या मेट्रनना एकदा विचारून घ्या. ओटीत अंगठी, बांगड्या, साखळी असे सगळेच उतरवायचे असते. माझा क्रूस सकाळी साडेसातला लॉकरमध्ये जातो आणि यादी संपल्यावरच बाहेर येतो. शुक्रवारी यादी मोठी असते, तेव्हा बऱ्याचदा रात्र होते.