केस कापण्यात शिकण्यासारखं काय असतं?

तुम्ही विचारलंय की ट्रिमर आल्यावर केस कापण्यात शिकण्यासारखं काय उरलं, आणि या कामाला पोटापाण्यापलीकडे काही अर्थ आहे का. माझं तालुक्याच्या गावी सलून आहे. आजोबा धोकटी घेऊन बलुत्यावर घरोघर जायचे, वडिलांनी खुर्ची टाकली, आता मी बघतो.

कातर उचलण्याआधी डोकं बघावं लागतं. गिऱ्हाईक बसलं की मी आधी भोवरा शोधतो. तिथे केस फार बारीक केले की ते ताठ उभे राहतात, मग तेल लावा नाहीतर जेल, बसत नाहीत. काहींना दोन भोवरे असतात, तिथे मशिन न लावता कातरीने लांबी राखूनच काम करावं लागतं. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आखडतो. कुरळ्या केसांत हा फरक फार, म्हणून फवारा मारून कापताना हवं त्याहून थोडं जास्तच ठेवायचं. केस महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतात, तेव्हा जास्त उडालेलं लवकर भरून येत नाही. मशिन सगळीकडे सारखं कापतं, पण डोकं कुणाचंच सगळीकडे सारखं नसतं.

वस्तऱ्याला प्रत्येक माणसागणिक नवं ब्लेड, यात तडजोड नाही. कावीळ ब आणि एचआयव्ही रक्तातून पसरतात. तुम्हीही ब्लेड डोळ्यांदेखत बदलून घेत जा. मागच्या बाजूला चाई पडली तर ती माणसाला स्वतःला दिसत नाही, आम्हाला दिसते. केस गेलेला रुपयाएवढा गुळगुळीत डाग. असं दिसलं की मी चारचौघांत न बोलता कानाशी सांगतो आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवतो.

अर्थाचं म्हणाल तर मामाच्या मांडीवर बसलेल्या बाळाचं जावळ आम्हीच काढतो, आणि बाप गेल्यावर मुलाचं मुंडणही आम्हीच करतो. याच वस्तऱ्याने एकेकाळी विधवांचं केशवपनही व्हायचं. 1890 साली मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक एकत्र आले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. ज्यांचं पोट त्या कामावर होतं त्यांनीच ते नाकारलं. मला या धंद्याचा सगळ्यात जास्त अभिमान त्या नकाराचा वाटतो, आणि आमच्याच पोरांना तो ठाऊक नसतो याचं वाईट वाटतं.

शिकायचं असेल तर आयटीआयमध्ये कॉस्मेटोलॉजीचा कोर्स असतो, तो करा. पण सोबत एखाद्या चालत्या सलूनमध्ये उभे राहा. केस झाडा, कापड झटका आणि उस्तादाचा डावा हात बघा. सगळे कातरीकडे बघतात, पण केस किती कापायचे ते कंगवा धरलेला हात ठरवतो. सुरुवातीला लहान मुलांची डोकी घेऊ नका. ती कधी मान वळवतील सांगता येत नाही, आणि कातरीचं टोक कानापाशीच असतं.