नव्या जहाजांचा तो गोळा कुठे गेला?

गुजरातमधल्या अलंगला मोडण्यासाठी किनाऱ्यावर चढवलेल्या जुन्या जहाजांच्या पुढे तळाशी फुगीर गोळा दिसला, पण हजीरा-घोघा फेरीबोटीवरून पाहिलेल्या नव्या कंटेनर जहाजाचं तोंड सरळ उभं होतं. असं का, हा तुमचा प्रश्न. अलंगला जहाज रिकामं करून उधाणाच्या भरतीत वर घालतात, म्हणून तळ उघडा दिसतो. समुद्रात भरलेल्या जहाजाचा हा गोळा, म्हणजे बल्ब, पाण्याखाली असतो, तेव्हा तुम्ही पाहिलेल्यालाही छोटा बल्ब असू शकेल. तरी निरीक्षण बरोबर आहे, नाकं बदलली आहेत. बडोद्यात परत येण्याआधी मी जहाजांवर इंजिनीअर होतो, त्यामुळे इंधनाच्या बाजूने सांगतो.

जहाज पुढे जाताना तोंडाशी पाण्याचा उंचवटा उठतो, आणि तो उठवायला इंजिनाची ताकद जाते. बल्ब स्वतःची वेगळी लाट उठवतो. तिचा खळगा बरोबर त्या उंचवट्यावर आला की दोन्ही एकमेकींना खातात. अमेरिकन नौदलाच्या डेव्हिड टेलर यांनी हे 1910 मध्ये सेवेत आलेल्या 'डेलावेअर' युद्धनौकेवर वापरलं. पुढे जपानच्या ताकाओ इनुई यांनी त्यामागचं गणित पक्कं केलं.

गोम इथेच आहे. जहाजाच्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाने वाढते. 24 नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) ती साधारण 98 मीटर, 16 नॉटला जेमतेम 43. म्हणजे 24 नॉटसाठी बेतलेला बल्ब 16 नॉटला खळगा भलतीकडेच पाडतो, उलट ओझं होतो. माल कमी असून बल्ब अर्धा पाण्याबाहेर आला तरी तेच. 2008 च्या मंदीनंतर कंपन्यांनी जहाजं मुद्दाम हळू चालवायला घेतली. लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनात बदलते. 24 वरून 18 वर आलात तर निम्म्याहून कमी ताकद पुरते. मग चांगल्या चालत्या जहाजांची नाकं गोदीत कापून लहान बल्ब बसवले गेले. बाहेरून वेडेपणा वाटेल, पण इंधनाचं बिल पाहिलेल्या माणसाला नाही वाटणार.

सरळ तोंडाचा फायदा वेगळा. बंदरामुळे एकूण लांबीला मर्यादा असते. तोंड तिरकं ठेवलं तर वरचे काही मीटर नुसते हवेत लटकतात. उभं केलं की तेवढीच लांबी पाण्यात उतरते, आणि लांब जहाज त्याच वेगाला कमी लाट उठवतं. खवळलेल्या समुद्रातही ते आपटण्याऐवजी लाट कापत जातं. यात नवीन काही नाही म्हणा, 'टायटॅनिक'चं तोंडही उभंच होतं. काही जहाजांवर पुढे गोलसर पत्र्याचा आडोसा दिसतो, तो फक्त वाऱ्यासाठी.

केबिन पुढे का, हेही विचारलंत. पुलावरून, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीतून, समोरचं पाणी जहाजाच्या दोन लांब्या किंवा 500 मीटर, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त झाकलं जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पूल मागे असला की पुढचे कंटेनर फार उंच रचता येत नाहीत. 2024 मध्ये आलेल्या 'आने मर्स्क' या कंटेनर जहाजाने पूल आणि राहण्याच्या खोल्या थेट नाकावर नेल्या. डेकवर जागा वाढली. मालकाला छानच. पण जहाज सर्वांत जास्त वर-खाली होतं ते टोकाला, आणि रात्री अलार्म वाजला की इंजिनवाल्याने 350 मीटरच्या जहाजात पुढून मागे धावायचं. मी आता निवृत्त आहे हे बरं.