मार्चअखेरची धावपळ आणि जूनमधला ठराव

वाचकांचे प्रश्न : शाळाप्रमुखांसाठीचा निधी व प्रशिक्षण

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातील एका वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. आमचा पट 29 आहे. आम्हाला संयुक्त शाळा अनुदान (शाळेच्या वार्षिक किरकोळ खर्चासाठीचा निधी) 10 हजार रुपये मंजूर झाले, तर पलीकडच्या गावातील शाळेला 25 हजार, आणि पावसाळ्यात छप्पर मात्र दोन्हींचे सारखेच गळते. शिवाय ही रक्कम आमच्या खात्यात कधीच दिसत नाही आणि फेब्रुवारीत एकाएकी ‘तातडीने खर्च करा’ असा निरोप येतो. असे का होते?

उत्तर : बाई, पलीकडच्या शाळेचा पट तीसच्या वर असणार. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेत हे अनुदान छपराकडे पाहून ठरत नाही, पटावर ठरते. 30 पर्यंत विद्यार्थी असतील तर 10 हजार, त्यापुढे 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार आणि त्याहून मोठ्या शाळेला 1 लाख रुपये, अशी त्याची कमाल मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या शाळेत आणखी दोन मुले असती, तर मर्यादा अडीचपट झाली असती. लहान शाळेला खडू कमी लागतो हे खरे, परंतु कौले काही पट मोजून फुटत नाहीत. ही रचना वाडीवस्तीवरच्या शाळांवर अन्याय करणारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती बदलेपर्यंत आपल्या हाती असलेली गोष्ट म्हणजे यू-डायसची (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची देशपातळीवरील ऑनलाइन प्रणाली) नोंद अचूक ठेवणे, कारण वार्षिक आराखडा त्याच आकड्यांवर बांधला जातो. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोड कामगारांची मुले तुमच्या वर्गात येऊन बसतात, पण त्यांची नोंद बहुधा मूळ गावच्या शाळेत असते आणि अनुदान ठरवताना ती तुमच्याकडे धरली जात नाहीत. जी मुले खरोखर तुमच्या पटावर आहेत, त्यांच्यापैकी एकही माहिती अपुरी राहिल्यामुळे गळू नये, एवढे तरी पाहावे.

आता रक्कम न दिसण्याविषयी. या योजनेत केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो. राज्याचा आराखडा केंद्राच्या मंजुरी मंडळाकडून संमत होतो, त्यानंतर हप्ते सुटतात, आणि दोन्ही वाटे राज्यस्तरावरील एकाच खात्यात जमा होतात. शाळेचे खाते शून्य शिलकीचे असते. तुम्हाला मिळते ती केवळ खर्चाची मर्यादा. पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीत देयकाची नोंद करून मंजुरी दिली की पैसे थेट दुकानदाराच्या खात्यावर जातात. म्हणून पासबुक कोरे दिसले तरी घाबरू नये. पण 31 मार्चपूर्वी न वापरलेली मर्यादा हातची जाते, हेही विसरू नये.

वर हप्ते उशिरा सुटतात, त्याला तुमचा इलाज नाही. मात्र निरोप आल्यावर शाळा व्यवस्थापन समितीची सभा, मग दरपत्रके, मग खरेदी असा क्रम धरला की मार्च संपतो. केंद्रप्रमुख (शाळांच्या एका समूहावर देखरेख करणारा अधिकारी) असताना मी एका शाळेत मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेले, वर्गात लिहिण्याचे चार फळे पाहिले होते. वर्गखोल्या दोनच होत्या. उरलेले दोन फळे वेष्टनासह भिंतीला टेकवून ठेवलेले होते आणि त्यांच्यामागे मुलांच्या चपला होत्या. त्याच शाळेची पाण्याची टाकी वर्षभर फुटकी होती. मुख्याध्यापकांचा हेतू वाईट नव्हता, कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारात त्या दिवशी जे तयार मिळाले ते त्यांनी आणले. हे टाळायचे असेल तर जून-जुलैच्या सभेतच गरजांचा अग्रक्रम लावून, ‘निधी प्राप्त झाल्यास या क्रमाने खर्च करावा’ असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा. शाळा विकास आराखडा करणे हे शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 22 नुसार समितीचे कामच आहे. अनुदानातील किमान 10 टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करावी लागते, तीही त्याच ठरावात धरावी. क्रीडा साहित्याचा निधी वेगळा असतो, तो यात मिसळू नये.

छपराचे म्हणाल, तर फुटकी कौले बदलणे या अनुदानात बसते, संपूर्ण छप्पर बसत नाही. त्यासाठी बांधकाम उपविभागाकडून अंदाजपत्रक करून घ्यावे आणि छायाचित्रांसह प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेकडे पाठवावा; जिल्हा वार्षिक योजनेतून अशी कामे होतात. पाणी आणि स्वच्छतागृहासाठी ग्रामपंचायतीचे दार ठोठावावे. 15व्या वित्त आयोगाने 2021-26 साठी ग्रामपंचायतींच्या निधीतील 60 टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. आयोग बदलतात, पण गावच्या विकास आराखड्यात शाळेचे काम नसेल तर पैसा मिळत नाही, हे बदलत नाही. त्या ग्रामसभेला स्वतः हजर राहा.

प्रश्न : कोल्हापूर शहरातील खासगी अनुदानित माध्यमिक शाळेचा मी मुख्याध्यापक आहे. संयुक्त शाळा अनुदान आम्हाला का मिळत नाही?

उत्तर : संयुक्त शाळा अनुदान शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. आपल्यासाठी वेतनेतर अनुदानाची तरतूद वेगळी असून त्याचा पत्रव्यवहार शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाशी करावा.

प्रश्न : मुख्याध्यापकांनाही वर्षाला 50 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते काय? आम्ही आधीच माहिती भरण्यात बुडालो आहोत. (भुदरगड तालुक्यातील एक मुख्याध्यापक)

उत्तर : राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 मध्ये शिक्षकांप्रमाणे शाळाप्रमुखांकडूनही वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा केलेली आहे, आणि त्यात नेतृत्व व व्यवस्थापन हे विषय यावेत असे म्हटले आहे. 2019 मध्ये सुरू झालेल्या निष्ठा या शिक्षक व शाळाप्रमुखांच्या राष्ट्रीय प्रशिक्षणात शालेय नेतृत्वाचा भाग होता आणि दीक्षा या शासकीय ऑनलाइन मंचावर अभ्यासक्रम उपलब्ध असतात. जिल्ह्यात आपल्या डायटकडे (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था) चौकशी करावी. आपली तक्रार मात्र रास्त आहे. मोबाइलवर चित्रफीत आवाज बंद करून चालू ठेवलेली आणि शेजारी शालेय पोषण आहाराची नोंद चाललेली, असे दृश्य मी अनेकदा पाहिले आहे. त्यातून प्रमाणपत्र मिळते, बाकी काही नाही. वेळ खरोखर थोडा असेल तर सहकाऱ्याचा तास पाहून त्याच्याशी कसे बोलावे, हा विषय आधी निवडावा. हिशेब लिपिकाकडूनही शिकता येतो, ते बोलणे तसे शिकता येत नाही.

प्रश्न : मी शिरोळ तालुक्यातील पालक असून शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. कॅशबुक पाहायला मागितले तर ‘तो कार्यालयीन दस्तऐवज आहे’ असे उत्तर मिळाले.

उत्तर : शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे हे समितीचेच काम आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम केला आहे तो यासाठीच. पुढील सभेच्या विषयपत्रिकेत ‘जमाखर्च वाचन’ हा विषय घेण्याची लेखी मागणी समितीचे सचिव असलेल्या मुख्याध्यापकांकडे द्यावी आणि पोच घ्यावी. सभेत कॅशबुकसोबत पावत्या व साठा नोंदवही मागवावी. पावतीतील वस्तू साठा नोंदवहीत आहे काय आणि प्रत्यक्ष खोलीत आहे काय, एवढे तपासले तरी पुष्कळ कळते. 2019 च्या महापुरात तुमच्या भागातील दप्तरे भिजली होती, तेव्हा जुन्या वर्षांचे कागद नसतील तर मुख्याध्यापकांवर लगेच संशय घेऊ नये. चालू वर्षाचे मात्र पाहावेच.