चमत्कार मानणारी बाई पुरोगामी कशी?

तुमचा प्रश्न असा: ‘तुम्ही स्वतःला ख्रिस्ती म्हणता आणि पुरोगामीही म्हणता. चमत्कार मानणारं माणूस पुरोगामी कसं? आणि ही श्रद्धा रोजच्या जगण्यात कामाला येते तरी कुठे?’

शेवटच्या भागापासून सुरुवात करते. नगरला माझं मेडिकलचं दुकान आहे आणि दिवसाचे बारा तास मी तिथेच असते, त्यामुळे श्रद्धेचं जे काय व्हायचं ते बहुतेक काउंटरवरच होतं.

चार वर्षांपूर्वी माझे धाकटे दीर एका प्रार्थनासभेला जायला लागले. आमच्या मंडळीची, म्हणजे चर्चची नव्हे, बाहेरची सभा. तिथे कुणी तरी डोक्यावर हात ठेवला आणि भावजी घरी येऊन म्हणाले, “वहिनी, फ्रीजमधलं इन्सुलिन परत घेऊन जा. प्रभूने मला बरं केलंय.” जाऊबाई दाराआड उभी राहून रडत होती. मी फार्मसी शिकलेली बाई. पहिल्यांदा तोंडात आलं ते लिहिण्यासारखं नाही. पण भावजींना विज्ञान सांगून उपयोग नव्हता. त्यांच्या लेखी माझा विश्वासच कमी पडत होता. म्हणून पवित्र शास्त्रच उघडलं.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो आणि लगेच सांगतो, जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी माणूस बरा झाला की नाही हे ठरवायचं काम याजकाचं होतं. शास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या 13 व्या आणि 14 व्या अध्यायांत त्याची सगळी रीत दिली आहे: सात दिवस वेगळं ठेवा, पुन्हा बघा, चट्टा पसरलाय का ते पाहा. म्हटलं, “भावजी, खुद्द प्रभूने बरं केलेल्या माणसालासुद्धा प्रभू तपासून घ्यायला पाठवतो. तुम्ही बोट पुढे करायला का घाबरता?”

दुकानातच ग्लुकोमीटर लावला. आकडा आला 412. भावजी बराच वेळ त्या पट्टीकडे बघत बसले, मग स्वतःच म्हणाले, “दे ते.” आजही ते इन्सुलिन घेतात, आणि त्या सभेलाही जातात. त्यावर मी बोलत नाही. तिथे त्यांना मोकळेपणाने गाता येतं, रडता येतं; आमच्या मंडळीत दोन्हींना घड्याळ लावलेलं असतं.

मग मी स्वतः चमत्कार मानते का? येशूने पाण्याचा द्राक्षारस केला का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पुनरुत्थान, म्हणजे येशूचं मरणातून उठणं, मात्र मानते, तेही माझ्या पद्धतीने. ईस्टरला पहाटे आम्ही कबरस्तानात उपासनेला जमतो. अंधारात मेणबत्त्या, थंडगार फरशा, कुणाचं तरी पोर झोपेतून उठवल्यामुळे किरकिरतंय. वडिलांच्या कबरीपाशी उभं राहून गाताना मला ते पूर्ण खरं वाटतं. दुपारी दुकानात हिशेब करताना तितकं वाटत नाही. एवढ्या वर्षांत या दोन वेळांचा मेळ घालायचा खटाटोप मी सोडून दिलाय.

आता ‘पुरोगामी’बद्दल. हा शब्द ऐकला की आमच्यातलेच काही जण म्हणतात, हे अमेरिकेचं खूळ आलंय. मला हसू येतं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर तिथल्या धर्मभगिनींशी त्या वाद घालत राहिल्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, इथपासून ते पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धान्तापर्यंत. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं तसलंच मानेवर घेणार नाही, असं त्यांनी स्वच्छ कळवून टाकलं. मांसाहार तर त्यांनी केलाच नाही. आणि आमचे नगरचे टिळक, रेव्हरंड नारायण वामन! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हणणारे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा. शंभर वर्षं उलटून गेली, पण तेवढी मोकळी बैठक आमच्या मंडळीच्या कमिटीला अजून झेपलेली नाही.

कमिटीचा विषय निघालाच आहे तर जातीचंही सांगते. आमची आजी गावकुसाबाहेरची. सार्वजनिक विहिरीवर तिला पाणी भरू देत नसत. मंडळीत मात्र प्रभुभोजनाचा प्याला ओळीने सगळ्यांच्या ओठांना लागायचा, आणि तिच्या आधी ज्याने प्यायलं त्याने तो पुसून न घेता तिच्या हाती दिला, हे ती मरेपर्यंत सांगायची. तिचं सगळं धर्मशास्त्र त्या एका प्याल्यात होतं. आणि आता? 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना मिळाला, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. युक्तिवाद असा की तुमच्या धर्मात जातच नाही. माझ्या भाचीचं स्थळ बघायला गेलो तेव्हा मंडळीतल्याच एका वडीलधाऱ्याने चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “तसे मूळचे कोण तुम्ही?” सरकारला आमच्यात जात दिसत नाही, आणि सोयरिकीच्या वेळी आम्हाला दुसरं काही दिसत नाही. भाचीने तिथेच सांगितलं, “मूळचे गालीलचे,” म्हणजे येशूच्या प्रांतातले. ते स्थळ अर्थातच जमलं नाही.

बायकांनी वेदीजवळ उभं राहावं की नाही यावर मी आता वाद घालत नाही. दक्षिण भारत मंडळीत 2013 मध्ये आंध्रातल्या नंद्यालला पुष्पा ललिता या स्त्री बिशप झाल्या आणि आभाळ कोसळलं नाही, एवढं सांगून मी भाकरीचं ताट उचलते.

एका गोष्टीची मात्र लाज वाटते. तरुण संघात पेटी वाजवणारा एक मुलगा होता. त्याने एकदा दुकान बंद करायच्या वेळी येऊन सांगितलं की त्याला मुलगे आवडतात, आणि त्याला नरकाची भीती वाटते. कायद्याची भीती नव्हती त्याला, समलैंगिक संबंध गुन्हा नाही, हा कलम 377 चा निकाल 2018 मध्येच लागला होता. मी त्याला सांगितलं, माझ्याकडे यावर औषध नाही, कारण हा आजार नाही. तो हसला. पुढे ही गोष्ट बाहेर फुटली, कमिटीत विषय आला, आणि ‘त्याने थोडे दिवस वाजवू नये’ असं ठरलं. त्या बैठकीला मी हजर होते. काउंटरवर बोलले ते तिथे बोलले नाही. तो आता पुण्याला असतो, मंडळीत जात नाही. नाताळला मेसेज करतो. मला पुरोगामी म्हणण्याआधी हेही तुम्हाला माहीत असावं.

आता राहिलं तुमचं ‘कामाला येते कुठे’. प्रभूची प्रार्थना मराठीत म्हणताना एक जागा येते, जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड. कुणाला ही ओळ मनातल्या पापांबद्दल वाटत असेल. माझ्या गल्ल्याशेजारी उधारीची वही असते, त्यामुळे मला ती सरळ उधारीबद्दलच वाटते. बीपीच्या गोळ्या, नेब्युलायझरची औषधं, डायपर, महिनाअखेर देतो म्हणून नेलेलं सगळं त्यात आहे. दर रविवारी ही ओळ तोंडाने म्हणायची आणि सोमवारी फोन करून तगादा लावायचा, हे बरीच वर्षं जमत होतं. मग घशात अडकायला लागलं. अर्थात घाऊकवाला मला ऋण सोडत नाही, एकवीस दिवसांत पैसे मागतो, त्यामुळे सगळी वही काही जाळता येत नाही. वर्षातून एकदा, शुभ शुक्रवारच्या आदल्या रात्री, वही घेऊन बसते आणि एकेक पान बघते.

यंदा दोन पानं फाडली. एक आजी वारल्या होत्या, एकाचं काम सुटलं होतं. तिसरं पान फाडणार होते, पण तो गृहस्थ त्याच आठवड्यात नवीन बुलेटवरून दुकानासमोरून गेला. त्याचं पान तसंच आहे.