'गिफ्ट' : भेट, विष आणि विवाह

प्रश्न : जर्मन शिकताना 'गिफ्ट' म्हणजे 'विष' असे वाचले आणि चक्रावून गेलो. इंग्रजीतला भेटवस्तू या अर्थाचा 'गिफ्ट' आणि हा शब्द मुळात एकच, की हे निव्वळ उच्चारसाम्य?

उत्तर : शब्द एकच आहे. 'देणे' या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक धातूपासून तो बनला असून त्याचा मूळ अर्थ 'दिलेली वस्तू' किंवा 'देण्याची क्रिया' एवढाच होता. जुन्या जर्मनमध्येही तो भेटीसाठी वापरला जाई; आजच्या जर्मनमधील 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा, या शब्दात तो अर्थ अजून टिकून आहे.

मग विष आले कुठून? ग्रीक वैद्यकात औषधाच्या मात्रेला 'दोसिस', म्हणजे शब्दशः 'देणे', म्हणत. हा शब्द लॅटिनमध्ये गेला आणि त्याच्याच धर्तीवर जर्मनमधील 'गिफ्ट'लाही 'पाजलेली मात्रा' असा अर्थ चिकटला. विषाचे नाव उघडपणे घेण्यापेक्षा 'दिलेले' म्हणणे सौम्य वाटत असल्यामुळे पुढे तोच अर्थ शिरजोर झाला. आपणही डॉक्टरांनी सांगितलेला 'डोस' घेतो, तेव्हा तोच ग्रीक शब्द उच्चारत असतो. फ्रेंच 'प्वाझों'ची, म्हणजे विषाची, कथाही अशीच आहे, कारण त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन 'पोतिओ'चा अर्थ केवळ 'पेय' असा होता. डच भाषेने मात्र घोटाळा टाळला : तिथे 'गिफ्ट' म्हणजे देणगी आणि 'गिफ' म्हणजे विष.

खरी गंमत स्वीडिशमध्ये आहे. तिथे हाच शब्द नाम म्हणून आला तर विष आणि विशेषण म्हणून आला तर 'विवाहित'. यावरचे विनोद स्वीडिश लोकांना पाठ असणार. पण व्युत्पत्ती सरळ आहे, कारण 'विवाहित' म्हणजे मुळात 'लग्नात दिलेली'. जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा संबंध वधूमूल्याशी आणि विवाहाशी होता. त्या काळी इंग्रजीत त्याचा उच्चार 'यिफ्ट'च्या जवळचा होता. आजचा 'ग' तिला स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या बोलीने दिला. इंग्रजीने तो 'ग' जपला, आणि स्वीडिश लोक मात्र आज 'यिफ्ट' म्हणतात.